‘सेफ्टी टाकी’ की सेप्टिक टाकी? तपासणीचा अहवाल वाचायला शिकूया



गावात, वाडीवर किंवा शहराच्या कडेला नव्याने पडलेल्या प्लॉटवर एक शब्द हमखास कानावर येतो, तो म्हणजे ‘सेफ्टी टाकी’. गवंडी तोच म्हणतात, घरमालक तोच म्हणतात, आणि मुलंही वहीत तोच लिहितात. खरा शब्द आहे ‘सेप्टिक’. ग्रीक भाषेत सडणे, कुजणे या अर्थाचा जो शब्द आहे, त्यापासून तो आला. म्हणजे ही मैला कुजवण्याची टाकी. ती आपोआप ‘सेफ’ नसते. पण सेफ्टी म्हटलं की मनाला वाटतं, झाकण बसलं, फरशी घातली, आता वीस वर्षं बघायला नको. आणि आपण खरंच बघत नाही.

आजच्या लेखात आपण या टाकीच्या तपासणीबद्दल आणि त्या तपासणीच्या अहवालाबद्दल शिकणार आहोत. उदाहरण घेतलंय अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं. तिथं घर विकायचं असेल तर टाकीची तपासणी करून ठरावीक नमुन्यात अहवाल द्यावा लागतो. बोस्टनच्या आसपास घर घेणारी मराठी कुटुंबं या कागदातून जातात. पण इथल्या वाचकांसाठीही तो उपयोगाचा आहे, कारण टाकी तिथली असो की इथली, आत घडतं ते एकच. शिवाय ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ यांतला फरक शिकवायला असा अहवाल फार चांगलं साधन आहे.

१. टाकीत नेमकं काय होतं?

घरातलं सांडपाणी टाकीत येतं आणि तिथं थबकतं. थबकलं की त्याचे तीन थर होतात.

- तळाशी बसतो तो गाळ.
- वर तरंगते ती साय. यात तेल, तूप, साबणाचा फेस, हलके तुकडे असतात.
- मध्ये राहतं ते तुलनेनं निवळ पाणी.

ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू गाळ हळूहळू कुजवतात. सगळा गाळ मात्र संपत नाही, तो साठत जातो. मधलं पाणी टाकीबाहेर जातं. ते मधूनच निघावं म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा जोड बसवतात. त्याचं खालचं टोक सायीच्या खाली आणि गाळाच्या वर असतं.

टाकीतून निघालेलं पाणी स्वच्छ नसतं. त्यात रोगजंतू असतातच. पुढे ते जमिनीत मुरतं आणि माती त्याला गाळते. आपल्याकडे शोषखड्डा असतो. अमेरिकेत बहुधा एक ‘वाटप पेटी’ असते आणि तिथून सच्छिद्र पाइपांनी पाणी खडीच्या चरांत पसरवतात.

म्हणजे या व्यवस्थेचे दोन भाग आहेत, टाकी आणि मुरवण्याची जागा. टाकी भरली तर गाडी बोलवून उपसता येते. मुरवण्याची जागा गाळानं तुंबली तर बहुतेक वेळा ती नवीनच करावी लागते. अमेरिकेत त्याला हजारो डॉलर लागतात. टाकी वेळेवर उपसायची ती मुख्यतः या दुसऱ्या भागाला वाचवण्यासाठी. हे मुलांना नीट समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

२. घराची तपासणी म्हणजे टाकीची तपासणी नव्हे

अमेरिकेत पाचातल्या एकाहून जास्त घरांचं सांडपाणी गावाच्या गटारात न जाता अशा स्वतःच्या व्यवस्थेत जातं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला असा की साधारण दर ३ वर्षांनी जाणकाराकडून तपासणी करावी आणि ३ ते ५ वर्षांनी टाकी उपसावी.

घर विकत घेताना तिथं ‘होम इन्स्पेक्टर’ बोलावतात. तो छप्पर, भिंती, वायरिंग, नळ, भट्टी हे सगळं बघतो आणि अहवाल देतो. घेणाऱ्याला वाटतं, सगळं घर तपासून झालं. पण अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्ससारख्या त्यांच्या व्यावसायिक संघटनांच्या कामाच्या नियमांत सेप्टिक व्यवस्था तपासणं बंधनकारक कामात धरलेलं नाही. काही इन्स्पेक्टर ती वेगळे पैसे घेऊन, जादा सेवा म्हणून तपासतात. काहीजण ते काम दुसऱ्याकडे सोपवतात.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो असा : ‘या फीमध्ये टाकी आहे का? असेल तर तुम्ही नक्की काय काय उघडणार?’ नुसतं ‘सेप्टिकपण बघतो’ या दोन शब्दांत काहीही मावू शकतं. एखादा नळ सोडून पाणी जातं का ते बघेल, एखादा झाकणं उघडून काठीनं गाळ मोजेल. कागदावर दोन्हीला ‘तपासणी’च म्हणतील.

३. मॅसॅच्युसेट्सचा ‘टायटल फाइव्ह’

ही संदिग्धता मॅसॅच्युसेट्सनं नियमानं कमी केली. त्या राज्याच्या पर्यावरण संहितेतला पाचवा भाग लोक ‘टायटल फाइव्ह’ म्हणून ओळखतात. १९९५ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. त्यानुसार साधारणपणे असं आहे :

- घर विकण्याआधीच्या २ वर्षांत तपासणी झालेली असावी. दरवर्षी टाकी उपसल्याच्या नोंदी असतील तर ती तपासणी ३ वर्षं चालते. हवामानामुळे आधी जमलंच नाही तर विक्रीनंतर ६ महिन्यांत करता येते.
- तपासणारा माणूस राज्याची मान्यता असलेला असावा लागतो. होम इन्स्पेक्टरचा परवाना असला म्हणून हे काम करता येत नाही. एकाच माणसाकडे दोन्ही असू शकतं, पण मान्यता वेगळी.
- अहवाल ठरावीक छापील नमुन्यात लिहून ३० दिवसांत स्थानिक आरोग्य मंडळाकडे द्यावा लागतो. म्हणजे तो विकणाऱ्याच्या खिशात राहत नाही.

निकाल चार प्रकारचे असतात : उत्तीर्ण, सशर्त उत्तीर्ण (अमुक दुरुस्ती केली तर), आरोग्य मंडळाने अधिक तपास करावा, आणि अनुत्तीर्ण. अनुत्तीर्ण झालं तरी घर विकायला बंदी नाही. दुरुस्ती कोण करणार ते घेणारा-विकणारा ठरवतात. दुरुस्तीला साधारण २ वर्षांची मुदत असते, आरोग्याला तातडीचा धोका असेल तर त्याआधी करावी लागते.

अनुत्तीर्ण ठरवणारी काही कारणं पाहा. यात ‘मला वाटलं’ असं कुठेच नाही :

- सांडपाणी उलटं घरात येतं.
- मैलापाणी जमिनीवर झिरपून साचतं.
- वाटप पेटीतलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीच्या वर थांबलेलं आहे.
- पाइप तुंबलेला नसूनही वर्षात ४ पेक्षा जास्त वेळा टाकी उपसावी लागली.
- मुरवण्याच्या जागेचा काही भाग भूजलाच्या उच्च पातळीच्या खाली आहे.
- मुरवण्याची जागा खासगी पिण्याच्या विहिरीपासून ५० फुटांच्या आत आहे. अंतर ५० ते १०० फुटांच्या दरम्यान असेल तर विहिरीच्या पाण्याचा समाधानकारक चाचणी अहवाल लागतो.

टाकीत मोजायच्या अंतराचाही नियम आहे. गाळाचा वरचा थर आणि ‘टी’चं खालचं टोक यांत १२ इंचांपेक्षा कमी अंतर राहिलं, तर टाकी उपसायची वेळ झाली असं समजतात.

४. पाहिलेलं, विचारलेलं आणि न पाहिलेलं

शिक्षक मित्रांनो, आता आपल्या कामाचा भाग. या छापील नमुन्यात एक तपासयादी असते. तीत साधारण असे प्रश्न असतात : टाकी मागच्या दोन आठवड्यांत उपसली होती का? मागच्या दोन आठवड्यांत घरात नेहमीइतकं पाणी वापरलं गेलं का? मूळ बांधकामाचा नकाशा मिळाला का? टाकीची झाकणं उघडून आतली स्थिती, पाण्याची, गाळाची आणि सायीची खोली पाहिली का?

हे प्रश्न का विचारतात? कारण अगदी खरं निरीक्षणसुद्धा चुकीच्या वेळी केलं तर फसवतं. तीन उदाहरणं घ्या.

कालच उपसलेली टाकी. विकणाऱ्यानं मोठ्या कौतुकानं टाकी साफ करून ठेवली. इन्स्पेक्टर आला, झाकण उघडलं, टाकी रिकामी! सगळं छान दिसलं. पण पाण्याची नेहमीची पातळी बघायची संधीच गेली. पातळी बाहेरच्या पाइपच्या वर असती तर कळलं असतं की पुढे कुठेतरी अडलंय. पाइपच्या खाली असती तर टाकी गळत असल्याची शंका आली असती. म्हणून आधी पातळी बघायची, मग उपसायचं. उपसताना मुरवण्याच्या जागेकडून पाणी उलटं टाकीत धावून आलं, तर ती जागा पाण्यानं भरून गेल्याची ती मोठी खूण असते.

सहा महिने बंद असलेलं घर. पाणीच वापरलं नाही, तेव्हा मुरवण्याची जागा सुकून जाते. तपासणीच्या दिवशी दोन नळ तासभर सोडले तरी पाणी आरामात जिरतं. मग पाच माणसांचं कुटुंब राहायला येतं आणि काही आठवड्यांत अंगणात ओल धरते.

रंगाची चाचणी. संडासात रंग टाकून पाणी सोडतात आणि अंगणात रंग येतो का बघतात. रंग आला तर गळती नक्की. पण रंग आला नाही तर काय सिद्ध झालं? फार काही नाही. तो दुसरीकडे गेला असेल, किंवा अजून पोचला नसेल. ‘पुरावा मिळाला नाही’ आणि ‘दोष नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आठवी-नववीच्या मुलांना हे एक वाक्य पक्कं कळलं तरी तास सार्थकी लागला.

आणखी एक. टायटल फाइव्हच्या तपासणीतही मुरवण्याची सगळी जागा खणून बघत नाहीत. वरची जमीन, गवत, ओल, वाटप पेटीतली पातळी यांवरून अंदाज बांधतात. व्यवस्थेतला सगळ्यात महाग भाग हाच, आणि तोच डोळ्यांनी दिसत नाही! म्हणूनच त्या छापील नमुन्यावर स्पष्ट म्हटलेलं असतं की हा अहवाल फक्त तपासणीच्या दिवसाची आणि त्या वेळच्या वापराची स्थिती सांगतो, पुढे व्यवस्था कशी चालेल ते सांगत नाही.

आजच्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. अहवाल म्हणजे हमी नव्हे. त्या दिवशी जे उघडलं, मोजलं, पाहिलं त्याची ती नोंद असते. म्हणून अहवाल हातात आला की निकालाच्याही आधी ‘काय पाहिलं नाही’ ते शोधायचं.

‘उत्तीर्ण’ या शब्दालाही मर्यादा आहे. मॅसॅच्युसेट्समध्येच केप कॉड नावाचा समुद्रात शिरलेला भाग आहे. तिथं बहुतेक घरांना सेप्टिक टाक्या आहेत. अगदी उत्तम चालणारी साधी टाकीसुद्धा पाण्यातला नायट्रोजन फारसा काढत नाही. तो भूजलातून खाड्यांत जातो, शेवाळ माजतं, आणि माशांना, शिंपल्यांना त्रास होतो. म्हणजे एकेक टाकी ‘पास’ होऊनही खाडी ‘नापास’ होऊ शकते. याच कारणानं २०२३ मध्ये तिथले नियम आणखी कडक केले गेले.

५. वर्गात करायचा सराव : दोन अहवाल

खालचे दोन्ही नमुने सरावासाठी तयार केलेले आहेत. फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘कोणता अहवाल चांगला?’

*अहवाल ‘अ’ :* सेप्टिक टाकी तपासली. नळ सोडून पाहिला, पाणी व्यवस्थित गेले. सर्व ठीक आहे.

*अहवाल ‘ब’ :* टाकीची दोन्ही झाकणे उघडली. पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळकडेला आहे. गाळाचा थर ‘टी’च्या खालच्या टोकापासून १० इंचांवर आहे. घर ३ महिने बंद होते. वाटप पेटीवर फरशी असल्याने ती उघडता आली नाही.

बरीच मुलं ‘अ’ म्हणतील, कारण त्यात ‘सर्व ठीक’ आहे. मोठी माणसंही तेच म्हणतात! आता एकेक वाक्य तपासा.

‘अ’मध्ये निरीक्षण एकच आहे, ते म्हणजे नळाचं पाणी गेलं. ‘सर्व ठीक आहे’ हे अनुमान आहे, आणि त्या एका निरीक्षणावर ते उभं राहत नाही. टाकी उघडली का, हेसुद्धा कळत नाही.

‘ब’मधून आपल्याला चार गोष्टी कळतात. पातळी योग्य आहे. १० इंच हे १२ पेक्षा कमी, म्हणजे टाकी उपसायला हवी. घर बंद होतं, म्हणजे मुरवण्याच्या जागेबद्दल आज खात्रीनं बोलता येणार नाही. वाटप पेटी राहिली, म्हणजे फरशी काढून पुन्हा बघायला लागेल. (टायटल फाइव्हमध्ये वाटप पेटी असेल तर उघडलीच पाहिजे, त्यामुळे हा अहवाल तिथं अपुरा ठरेल. पण अपुरं काय राहिलंय ते निदान कागदावर दिसतं.)

मग मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : पाहिलं / अंदाज केला / पाहिलं नाही. दोन्ही अहवालांची वाक्यं त्या रकान्यांत टाकायला लावा. हाच तक्ता प्रयोगवहीला, बातमीला, अगदी मोबाइलवर आलेल्या मेसेजलाही लावता येतो.

६. दोन सोपे उपक्रम

उपक्रम १ : बरणीतली टाकी. पारदर्शक बरणीत पाणी, मूठभर माती आणि दोन चमचे तेल घाला. झाकण लावून हलवा आणि पुढच्या तासापर्यंत ठेवा. तीन थर दिसतील. पट्टीनं प्रत्येक थर मोजून नोंद करा. मग पुन्हा माती घाला आणि मधला थर किती उरला ते मोजा. मैलापाणी वापरायचं नाही, माती आणि तेल पुरेसं आहे.

उपक्रम २ : गणित. टाकी २ मीटर लांब, १ मीटर रुंद, पाण्याची खोली १ मीटर. पाणी मावतं २००० लिटर. घरात ५ माणसं, प्रत्येकी १२० लिटर, म्हणजे रोज ६०० लिटर. पाणी टाकीत किती वेळ थांबेल? २००० ÷ ६०० म्हणजे सुमारे ३.३ दिवस. आता निम्मी टाकी गाळानं भरली. उरली १००० लिटर, म्हणजे जेमतेम १.७ दिवस. पाणी कमी थांबलं की निवळायला वेळ कमी, आणि गाळ बाहेर जाऊन शोषखड्डा तुंबणार. ‘अजून भरून वर आली नाही ना, मग कशाला उपसायची?’ या घरोघरच्या प्रश्नाचं उत्तर या गणितात आहे. टाकी भरून वर येईपर्यंत थांबलं तर नुकसान आधीच झालेलं असतं.

७. आपल्याकडे काय विचारायचं?

आपल्याकडे घर किंवा रो-हाऊस घेताना सातबारा बघतात, वीजबिल बघतात, पाण्याची मोटर चालवून बघतात. टाकीचा अहवाल मागायची पद्धत रुळलेली नाही. पण वरचे प्रश्न आपणही विचारू शकतो :

१. टाकी कुठे आहे? झाकण उघडता येतं का, की वर पार्किंगची फरशी घातलीय?
२. शेवटची कधी उपसली? गाडीची पावती आहे का?
३. टाकीतून निघालेलं पाणी कुठे जातं? शोषखड्ड्यात, की सरळ उघड्या गटारात?
४. शोषखड्डा आणि पिण्याची विहीर किंवा बोअर यांत अंतर किती?
५. पावसाळ्यात टाकी भरून वर येते का? शेजाऱ्यांना विचारा, ते खरं सांगतात.
६. जो तपासतोय, त्यालाच दुरुस्तीचं काम मिळणार आहे का?

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं जास्त. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकानुसार (आयएस २४७०) पाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर हवी. छोट्या प्लॉटवर हे अंतर कसं राखणार? आपल्या प्लॉटवर राखलं तरी शेजाऱ्याचा शोषखड्डा आपल्या बोअरजवळ असतो. म्हणून अंतर मोजताना कुंपणापलीकडेही बघायचं. शंका असेल तर पाण्याची जैविक तपासणी करून घ्यावी. ग्रामपंचायतीतल्या जलसुरक्षकांना याची माहिती असते. पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतींना मिळणारं लाल, पिवळं, हिरवं कार्ड हाही एक तपासणी अहवालच आहे. आपल्या गावाला कोणतं कार्ड आहे आणि का, हे मुलांना शोधायला सांगा.

उपशाबाबत महाराष्ट्रात एक चांगलं उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास वेळापत्रकानुसार टाक्या उपसायला सुरुवात केली. वाईत तीन वर्षांत एकदा प्रत्येक टाकीचा क्रम येईल अशी योजना ठेवली. ‘भरली की बोलवू’ याऐवजी ‘पाळी आली की गाडी येईल’. अशानं प्रत्येक टाकीचं झाकण ठरावीक काळानं निदान एकदा तरी उघडतं, हा त्यातला मोठा फायदा.

८. कोणीही आत उतरायचं नाही

आता लेखातला सगळ्यात गंभीर मुद्दा. मॅसॅच्युसेट्सचा इन्स्पेक्टर तपासणी करतो ती बाहेर उभं राहून. झाकण उघडतो, काठीनं मोजतो, आरशानं किंवा कॅमेऱ्यानं बघतो. आत उतरत नाही. आपल्याकडे मात्र ‘जरा उतरून बघ रे’ असं सहज म्हटलं जातं, आणि माणसं मरतात.

कुजताना टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात, ऑक्सिजन कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते. ‘वास नाही, म्हणजे गॅस नाही’ हे अनुमान इथं जीव घेतं. काडी पेटवून बघणं तर आणखी वाईट, कारण मिथेन पेट घेतो. आणि एक माणूस कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा बातम्यांत दोन-तीन नावं एकत्र असतात ती यामुळेच.

२०१३ च्या कायद्यानं गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवून धोकादायक पद्धतीनं सफाई करून घेण्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कंत्राटदारालाच नाही, काम करवून घेणाऱ्या आपल्यालाही लागू पडतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाईची रक्कम वाढली, पण घरातलं माणूस परत येत नाही. टाकी उपसायला यंत्राचीच गाडी बोलवायची. त्यासाठी १४४२० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

शाळांसाठी विशेष सूचना : शौचालयामागच्या टाकीचं झाकण या आठवड्यात स्वतः जाऊन बघा. तडा गेलाय का? पत्र्यानं किंवा फळीनं झाकलंय का? मुलं त्यावर उड्या मारतात का? झाकण धड नसेल तर आजच जागा अडवा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तारखेसह लेखी नोंद करा. टाकी कुठे आहे त्याचा साधा नकाशा मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये ठेवा. बदलीनं नवीन शिक्षक आले की त्यांनाही ती फाइल दाखवा. झाकण उघडायचं काम मात्र विद्यार्थ्यांकडून कधीही करून घेऊ नका, उपक्रम म्हणूनसुद्धा नाही.

स्वाध्याय

१. ‘सेप्टिक’ आणि ‘सेफ्टी’ या शब्दांच्या अर्थांतला फरक सांगा.
२. टाकी वेळेवर उपसल्याने व्यवस्थेचा कोणता भाग वाचतो? कसा?
३. तपासणीच्या आदल्या दिवशी टाकी उपसली तर कोणती माहिती हरवते?
४. ‘रंग दिसला नाही, म्हणून गळती नाही.’ हे विधान बरोबर आहे का? कारण द्या.
५. घरच्यांच्या मदतीने, बाहेरूनच पाहून, आपल्या घराच्या किंवा सोसायटीच्या टाकीचा पाच ओळींचा अहवाल लिहा. शेवटची ओळ ‘हे पाहता आले नाही’ अशी सुरू करा.

पालकहो, पाचव्या प्रश्नासाठी मुलं तुम्हाला विचारतील, ‘बाबा, आपली टाकी शेवटची कधी उपसली?’ आठवत नसेल तर तसंच लिहू द्या. ‘माहीत नाही’ हीसुद्धा अहवालातली खरी नोंद आहे, आणि गाडीला फोन करायला तेवढं कारण पुरतं.

तुमच्या वर्गात हा सराव घेतला तर मुलांनी तिसऱ्या रकान्यात काय काय लिहिलं ते जरूर कळवा.